चाचांचा डावा अंगठा

वर्षातून एकदा लाँच किनाऱ्यावर ओढून घेतात, तेव्हा तिच्या बुडाला कालवं चिकटलेली असतात. कोणी लावलेली नसतात, कोणाला ती चिकटताना दिसलेलीही नसतात, पण खरवडायला बसलं की टोपल्यांवर टोपल्या निघतात! आमच्या जेट्टीवरचे किस्से तसेच आहेत. मी तिकिटाच्या खिडकीत बसतो. नाव बाळू, वय एक्कावन्न. गावात माझी ख्याती अशी की मी 'आज अमावस्या आहे' म्हटलं तरी लोक कॅलेंडर बघून येतात. तरीपण खाली जे सांगतो ते जवळजवळ सगळं खरं आहे. जिथे थोडं वाढवलंय, तिथे किती वाढवलंय ते आता माझं मलाच आठवत नाही.

आधी मंडळी सांगतो, म्हणजे गोंधळ नको. दिघीच्या खाडीत मोटारी नेणारी मोठी फेरीबोट आहे ती वेगळी. ती लोखंडी, ऐटबाज. आमची लाँच लाकडी, म्हातारी, आणि माणसं, सुपारीची पोती, मासळीच्या टोपल्या असं काहीही नेणारी. तिच्यावर माणसं मुख्य दोन. वर चाकावर सारंग, म्हणजे इब्राहिमचाचा. खाली इंजिनापाशी पांडू ड्रायव्हर. पांडूला बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. चाचा उजव्या हाताने चाक धरतात आणि डाव्या हाताने एक दोरी ओढतात. ती दोरी फळीतल्या भोकातून खाली जाते, आणि तिच्या टोकाला पांडूच्या डोक्यावर पितळी घंटा. एक टोला म्हणजे पुढे. दोन म्हणजे बंद. तीन म्हणजे मागे. तेहतीस वर्षं ही दोघं असंच बोलतात. तोंडाने बोलतात तेव्हा फक्त भांडतात.

तिसरं माणूस सुलभावहिनी. जेट्टीच्या तोंडाशी त्यांची चहा-भज्यांची टपरी, आणि टपरीच्या मागेच घर. त्यांचा नवरा दिलीप मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन, वर्षातले आठ महिने पाण्यावर. झाली मंडळी!

०००

सुकतीला, म्हणजे पाणी पार उतरलं की, आमची जेट्टी चिखलात उभी राहते. दोन तास लाँच लागतच नाही. पूर्वी हे दोन तास आम्ही डुलक्या काढण्यात घालवायचो. मग दिलीप सुट्टीवर आला आणि हॉलमधल्या टीव्हीच्या मागे साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी चिकटवून गेला. जहाजावर मेसमध्ये असते म्हणे तसली. टीव्ही लावला की पडद्यावर चौकोन येतात: पिक्चर, गाणी, फोटो, घरचे व्हिडिओ. आणि एकदम खालच्या कोपऱ्यात एक चौकोन, जुने गेम!

मी भज्यांची बशी ठेवून टीव्हीला नाकच लावलं हो. शाळेत असताना श्रीवर्धनच्या एसटी स्टँडामागे एका गाळ्यात हेच गेम होते. तिथे मी भूगोलाचे इतके तास बसलोय की मला अजून महाराष्ट्रातल्या नद्या येत नाहीत, पण रणगाडा कुठल्या विटेमागून येतो ते झोपेत सांगेन. गाडी पळवायची, विमानं पाडायची, वरून पडणाऱ्या विटा जुळवायच्या, सगळं तिथलंच इथे! दोन वायरवाले रिमोट. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण, दिशा द्यायला. उजव्या अंगठ्याखाली दोन लाल बटणं.

तेव्हापासून आमच्या खेळाचं टाइमटेबल पंचांगावर चालतं. अष्टमीला भर दुपारी बाराला सुकती, म्हणजे त्या दिवशी बाराला गेम. नवमीला पाऊण तास उशिरा. एकदा वहिनींची नणंद फोनवर विचारत होती, "शनिवारी येऊ का गं दुपारची?" वहिनी म्हणाल्या, "थांब, तिथी बघते." नणंदेला वाटलं वहिनी फार धार्मिक झाल्या!

०००

गणपती झाले आणि चाचांना झटका आला. बोलणं शाबूत, चालणं शाबूत, फक्त डावा हात संपावर गेला. डॉक्टरांनी स्पंजचा बॉल दिला. दिवसातून दोनशे वेळा दाबायचा. चाचांनी दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी बॉल खाडीत तरंगताना दिसला.

"काय हो चाचा?"

"अरे बाळू, तेहतीस वर्षं दर्याशी दोन हात केले मी. आता स्पंजाशी करू?"

शेठ, म्हणजे लाँचचा मालक, माणूस वाईट नाही, पण कागदाला घाबरणारा. त्याने स्वच्छ सांगितलं. "चाचा, पावसाळ्याच्या आधी तपासणीचे साहेब येतील. त्यांच्यासमोर लाँच पलीकडे न्यायची, आणायची, धक्क्याला लावायची. घंटा डाव्या हाताने. पास झालात तर चाक तुमचं. नाहीतर बाळूच्या शेजारी बसा खिडकीत, तिकिटं फाडा."

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"ह्याच्या शेजारी? दिवसभर? ह्याच्या गप्पा ऐकत?" चाचा म्हणाले. "शेठ, त्यापेक्षा मला लाँचच्या मागं दोरीनं बांधा आणि ओढत न्या!"

हसलो आम्ही. पण चाचा घरी गेले तेव्हा डावा हात खिशात घालून गेले. तेहतीस वर्षांत त्यांचा हात खिशात गेलेला मी बघितला नव्हता.

०००

तोपर्यंत चाकावर बदली सारंग आला. गॉगलवाला. घंटेची दोरी हाताला लागली की त्याला राहवायचं नाही. पुढे जायचं असलं तरी चार, थांबायचं असलं तरी पाच!

तिसऱ्या दिवशी खाडीच्या मधोमध पांडूने इंजिन बंद केलं आणि हॅचमधून, म्हणजे इंजिनावरच्या चौकोनी तोंडातून, डोकं वर काढलं. लाँच माणसांनी भरलेली.

"ओ साहेब," पांडू म्हणाला, "दर्शन झालं आसलं तर यकदा सांगा. पुढं जाऊ का मागं?"

०००

चाचांच्या हातात रिमोट देणं ही सुलभावहिनींची कारवाई. सरळ सांगितलं असतं तर रिमोटही बॉलच्या मागोमाग खाडीत गेला असता. म्हणून त्यांनी काय केलं, गाडी पळवायचा गेम चालू केला, चाचा चहाला येऊन बसले तशी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. "चाचा, जरा धरा हे. माझी भजी जळतील."

आणि गेल्या त्या टपरीत.

वेगाचं लाल बटण मी वाकून दाबून धरलं, तशी पडद्यावरची गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली. मागे येऊन पुन्हा आदळली. चाचांनी बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "कुणाची रे ही गाडी?"

"तुमची."

"माझी?"

"रिमोट तुमच्या हातात आहे ना? मग तुमचीच!"

चाचांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या वडिलांबद्दल काही बोललोय. तेहतीस वर्षांत लाँचला साधा ओरखडा नाही, आणि इथे चारचौघांत धडक! त्यांनी डावा अंगठा बटणावर ठेवला. तो हलेना. उजव्या हाताने अंगठा धरला आणि दाबला. गाडी भिंतीपासून वीतभर सुटली.

वहिनी भजी घेऊन आल्या. "द्या चाचा तो रिमोट."

"थांब पोरी," चाचा म्हणाले. "गाडी अडकलीय. अशी टाकून जाऊ?"

०००

तेव्हापासून चाचा रोज ती गाडी चालवायला लागले. पण कशी, ते ऐका.

एक तर वळण यायच्या बरंच आधी ते गाडी वळवायचे. मी म्हटलं, "चाचा, अजून वळण यायचंय!"

"यायचंय ते दिसतंय मला. पण पाणी ओढतंय ना इकडं!"

"चाचा, तो रस्ता आहे. डांबरी."

"डांबरी आसू दे. ओढ ती ओढ."

दुसरं म्हणजे मागून गाडी आली की ते बाजूला होऊन तिला वाट द्यायचे. शर्यतीत! सगळ्या अकरा गाड्या एकेक करून पुढे जायच्या आणि चाचा प्रत्येकीला मान हलवून निरोप द्यायचे. आणि तिसरं, सगळ्यात भारी: शेवटची रेघ आली की ते सुसाट घुसायचे नाहीत. आधीपासून वेग कमी, मग तिरकी, मग हळूच कठड्याला समांतर. गाडी धक्क्याला लावायचे!

पहिल्यांदा गाडी पोचली तेव्हा पडद्यावर आलं, नंबर बारावा. बारा गाड्यांत.

"शेवटचा आलात चाचा!" मी ओरडलो.

चाचांनी रिमोट खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "पॅसेंजर उतरले ना सगळे कोरडे?"

०००

पण हा झाला दिशेचा भाग. पहिल्या आठवड्यात खरं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. चाचा उजवीकडचं लाल बटण, म्हणजे गाडीचा वेग, दाबायलाच तयार नव्हते. तोपर्यंत ते बटण मी दाबत होतो, त्यांच्या मांडीवर वाकून. माझी पाठ मोडली.

"चाचा, उजवा हात तर ठणठणीत आहे तुमचा. दाबा की!"

"ते इंजिन हाय ना?"

"हो."

"मग सारंगानं इंजिनाला हात लावायचा न्हाय."

झालं! हा लाँचवरचा नियम. सारंगाने इंजिनाला हात लावायचा नाही आणि ड्रायव्हरने चाकाला. मोडला तर दोघांत महिनाभर अबोला. आता टीव्हीवर हा नियम लागू होतो की नाही यावर चर्चा झाली. चर्चेला मी, चाचा, वहिनी आणि टपरीवरची दोन गिऱ्हाइकं. पाच विरुद्ध शून्य मतांनी ठरलं की लागू होतो. मीसुद्धा हो म्हटलं. भजी गरम होती, वाद कशाला?

मग पांडूला बोलावणं गेलं. मी सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही रिमोट एकाच गाडीला जोडले. दिशा चाचांकडे, वेग आणि ब्रेक पांडूकडे. पांडू आला, रिमोट घेतला, आणि टीव्हीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला!

"अरे, इकडे बघ ना!"

"कशाला? मला काय करायचंय बघून?" पांडू म्हणाला. "सारंग सांगल की घंटेनं."

घंटा! वहिनींनी देवघरातली द्यायला साफ नकार दिला. मग स्टीलचा पेला आणि चमचा आला. चाचा डाव्या अंगठ्याने दिशा देणार, उजव्या हाताने पेल्यावर टोले. टण्! गाडी सुटली. टण् टण्! वेग बंद. टण् टण् टण्! ब्रेक. त्या दिवशी पहिल्यांदा चाचांची गाडी एका गाडीच्या पुढे गेली. म्हणजे ती गाडी उलटून पडलेली होती, पण पुढे गेली!

ऐन रंगात कुरियरवाला दारात आला. त्याने बघितलं: एक दाढीवाला गृहस्थ टीव्हीसमोर पेला बडवतोय, दुसरा भिंतीकडे तोंड करून घामाघूम बटणं दाबतोय, आणि मी टाळ्या वाजवतोय.

"ताई, इथे काय चाललंय?" त्याने हळूच विचारलं.

"फिजिओथेरपी," वहिनी म्हणाल्या.

"कोणाची?"

वहिनींनी आम्हा तिघांकडे बघितलं. "बिल एकाचंच आहे," म्हणाल्या, "बाकीचे दोघे असेच आले."

०००

डिसेंबरात डबी तापायला लागली. गेम मध्येच थबकायचा, आवाज घरघरायचा. पांडूने भिंतीकडे बघतच कान टवकारले.

"हिला हवा मिळत न्हाय," त्याने निदान केलं. "इंजिन तापलंय."

डबी उघडली तर आत खाऱ्या हवेने बुरसटलेला इवलासा पंखा. पांडूने तो कापसाने पुसला, फुंकर मारली, फिरवला. गेम सुरळीत! पण ड्रायव्हरचं समाधान होईल तर शपथ. "कूलिंग पायजे," म्हणाला आणि गेला. येताना मासळीचा थर्माकोलचा डबा घेऊन आला. त्यात तळाला बर्फ, त्यावर फळी, फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत ती डबी. वायरींना भोकं पाडली. डबी अशी गार झाली की हात लावला तर शहारा येत होता.

फक्त एक झालं. डब्यात आदल्या दिवशीपर्यंत बोंबील होते.

तेव्हापासून वहिनींच्या घरी काहीही लावा, पिक्चर लावा, गाणी लावा, भजन लावा, पाच मिनिटांत बोंबलाचा वास! शेजारपाजारची सगळी मांजरं टीव्हीसमोर रांगेत बसायला लागली. दिलीपचा जहाजावरून व्हिडिओ कॉल आला, त्याने मांजरं बघितली आणि विचारलं, "ही कशाला बसलीत?"

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तिकडे गेल्यापासून घरात तेवढाच आधार."

०००

दिलीपचं निघालं म्हणून सांगतो. त्यालाही कधीकधी खेळायची हुक्की यायची. वहिनी फोनचा कॅमेरा टीव्हीकडे धरायच्या, रिमोट माझ्या हातात, आणि दिलीप कुठल्यातरी समुद्रातून ओरडायचा, "डावीकडे! डावीकडे! गोळी मार!" पण तिकडून इकडे आवाज यायला तीन-चार सेकंद लागायचे. तोपर्यंत विमान पडून, धूर होऊन, दुसरं विमान आलेलं असायचं. तरी दिलीप जीव तोडून ओरडतोय, "आता उजवीकडे!"

मी वैतागलो. "वहिनी, हा नेहमी उशिरा सांगतो हो!"

"आज कळलं का तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या. "मला पहिलं पत्र पाठवलंन तेव्हा माझा साखरपुडा दुसरीकडे ठरला होता. तो मोडायला लावला मला!"

तीन-चार सेकंदांनी फोनमधून दिलीपचा आवाज आला, "अगं, सगळ्यांसमोर काय सांगतेस!"

०००

एकदा माझा हात चुकला. गेमच्या ऐवजी शेजारचा चौकोन दाबला गेला आणि पडद्यावर आलं वहिनींचं लग्न. पंचवीस वर्षांपूर्वीची कॅसेट, दिलीपने डबीत भरून ठेवलेली. मी बंद करायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या हो. बघू या."

वऱ्हाड लाँचनेच आलं होतं. आमच्याच लाँचने. झेंडूच्या माळा, सनई, मुंडावळ्या सांभाळत बसलेला बारीक दिलीप. मग कॅमेरा वर गेला. चाकावर चाचा. काळीभोर दाढी, पांढरा शर्ट, उजवा हात चाकावर आणि डाव्या हाताने झोकात दोरी ओढतायत. एकदा ओढली, दोनदा ओढली, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

 चाचा पडद्यावरच्या त्या हाताकडे बघत होते. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मी उगाच रिमोटची वायर गुंडाळत बसलो.

तेवढ्यात पांडू, जो या वेळी टीव्हीकडे तोंड करून बसला होता, एकदम उठला आणि बोट दाखवून ओरडला, "तो बगा! तो बगा! लाँचच्या मागं!"

"काय आहे मागे?"

"धूर!" पांडू म्हणाला. "तो मी!"

०००

मार्च लागला. चाचांची गाडी आता बारावरून सातवर आली होती. ओढीचा हिशेब सोडला नव्हता त्यांनी, पण अंगठा आता उजव्या हाताची मदत न घेता चालायचा. आधी फक्त डावीकडे वळायचा, मग उजवीकडेही. तिरकं जायला दोन बाजू एकदम दाबाव्या लागतात, तेही जमायला लागलं. आम्ही मात्र विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. चाचांना कौतुक केलेलं सोसत नाही, लगेच रिमोट टाकतात.

एका दुपारी शर्यत चालू असताना वहिनींनी चहाचा कप नेहमीसारखा चाचांच्या उजव्या हाताशी ठेवला. पण उजव्या हातात चमचा होता. चाचांची नजर पडद्यावर. त्यांनी डाव्या हाताने कप उचलला, दोन घोट घेतले, आणि बशीत बरोब्बर ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही.

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी माझ्याकडे. पांडू भिंतीकडे तोंड करून होता, त्याला काही माहीत नाही. वहिनी आत गेल्या आणि दुसरा कप घेऊन आल्या. तो त्यांनी मुद्दाम डावीकडे ठेवला. चाचांनी तोही प्यायला. मग तिसरा!

चौथ्या कपाला चाचांनी मान वळवली. मी आणि वहिनी दाराशी हात जोडल्यासारखे उभे.

"काय बघताय?" चाचा खेकसले. "माणसाला चहा पिताना कधी बघितलं न्हाय? आणि साखर संपली का घरातली? पहिल्यापासून फिका हाय!"

०००

आणि मग साहेब आले.

मे महिना, भरती अर्ध्यावर आलेली, वारा उलटा. साहेब तरुण, चष्मेवाला, हातात फॉर्म अडकवलेली पाटी. शेठ घामाने निथळत होता. मी खिडकीवर 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी लावली आणि लाँचवर चढलो. वहिनींनी टपरीचा स्टोव्ह बंद केला आणि जेट्टीच्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. मी खाली हॅचच्या तोंडाशी उभा राहिलो. तिथून वर चाचा दिसतात, आणि खाली वाकलं की पांडू आणि त्याच्या डोक्यावरची घंटा.

जाताना सगळं ठीक. चाचांनी डाव्या हाताने दोरी ओढली, खाली टण् झालं, इंजिन धडधडलं. साहेबांनी टिक केली. पलीकडे लावली, टिक. परत निघालो. आता फक्त आमचा धक्का राहिला. शेठने डोळे मिटले होते.

भरतीचा लोट पाठीशी, त्यामुळे लाँच धक्क्याकडे जरा जोरातच चालली होती. चाचांनी दोनदा दोरी ओढली. टण् टण्. इंजिन बंद. लाँच आपल्या वेगानेच पुढे सरकतेय. समोर धक्क्याचे दगड, दगडांना टांगलेले टायर, आणि वर उभ्या सुलभावहिनी. आता तीन टोले, मागे. चाचांनी डाव्या हाताने दोरी खेचली.

आणि दोरी तुटली!

साधीसुधी नाही, एकच हिसका, आणि फळीच्या भोकापासून काडकन तुटून वीतभर दोरी चाचांच्या मुठीत. खालचं टोक निसटून आत गेलं. साहेबांची पाटी हातातून पडली. शेठने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मी खाली वाकलो, ओरडणार होतो, पण खरं सांगतो, ओरडलो नाही. धक्का दहा हातांवर. आठ. घंटा पांडूच्या डोक्यावर गप्प लटकलेली. मी तिच्याकडेच बघत होतो. ती हलली नाही.

चाचांनी काहीच केलं नाही. मुठीतल्या दोरीसकट दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोर बघत राहिले.

सहा हात. आणि खाली इंजिन धडधडलं. मागे!

लाँच थरथरली, थबकली, आणि टायरला असं टेकली की वरच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर अंड्यांची जाळी होती, तिच्यातलं एक अंडंसुद्धा जागचं सरकलं नाही.

 मग साहेबांनी पाटी उचलली, चष्मा पुसला. फॉर्मवर 'डाव्या हाताची पकड' असा रकाना होता. त्यांनी चाचांच्या डाव्या मुठीतला दोरीचा तुकडा धरला आणि ओढला. निघेना. जरा जोर लावला. निघेना! शेवटी साहेब म्हणाले, "सोडा आता चाचा," आणि त्या रकान्यात लिहिलं, 'उत्तम'. खाली सही. शिक्का. चाचांनी कागद घेतला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. शेठ रडत होता की घाम होता, ते कळायला मार्ग नाही. धक्क्यावर वहिनी चपला हातात घेऊन नाचत होत्या, ते मात्र अख्ख्या जेट्टीने बघितलं.

साहेब उतरायला निघाले, पायरीवर थांबले, परत आले आणि हॅचमधून खाली वाकले. पांडू फडक्याला हात पुसत होता.

"काय हो ड्रायव्हर," साहेब म्हणाले, "दोरी तर तुटली होती. घंटा वाजलीच नाही. मग तुम्ही मागे कसं घेतलंत?"

पांडूने साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मीच साहेबांना काहीतरी थाप मारलीय.

"वाजली न्हाय कशी?" पांडू म्हणाला. "तीनदा वाजली की!"